लालबागेचा हेवा

‘बंगलोर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर असून तेथील हवा वर्षभर थंड व आरोग्यदायक असते.’ सोलापूरच्या शाळेत भूगोल शिकवताना हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं आहे, की आता ते डोळे मिटूनही लिहिता येईल. लिहिताना सदरा पाठीला चिकटलेला असायचा, खिडकीतून धूळ यायची, गिरणीचा भोंगा व्हायचा. पण त्या वाक्याचा मला कधी राग आला नव्हता. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात ते शहर प्रत्यक्ष पाहून आलो, आणि आता ते वाक्य लिहिताना हातातला खडू जरा जोरात दाबला जातो.

गेलो होतो ते हौसेनं नव्हे. माझी पत्नी सुमती हिला आदल्या दिवाळीत विषमज्वर झाला. ताप उतरला, पण सुमती काही उठली नाही. केस गळाले, पायांत बळ राहिलं नाही, अन्नावरची वासना गेली. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ती सगळी शुश्रूषा मी एकट्यानं केली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. शाळेत जाण्यापूर्वी पेज, आल्यावर मोसंब्याचा रस, संध्याकाळी तापमापी. धूळ नको म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या, ऊन नको म्हणून पडदे ओले करायचे. टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांनी आमचा एक कोनाडा भरला. शेवटी आमचे डॉक्टर म्हणाले, “मास्तर, हिच्या शरीरात आता रोग उरलेला नाही. हवापालट करा. माझ्याजवळचं औषध संपलं.”

सुमतीचे थोरले भाऊ वसंतराव बंगलोरला एका सरकारी कारखान्यात इंजिनियर आहेत. त्यांचा आग्रह होताच. शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही निघालो.

बसवनगुडी

स्टेशनवर वसंतराव घ्यायला आले होते, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून. एप्रिल संपत आला होता! आदल्या दिवशी सोलापुरात मी अंगणातल्या फरशीवर पाणी ओतून त्यावर चटई टाकली होती, आणि हे गृहस्थ सकाळी हवेत गारवा असतो म्हणून स्वेटर घालून उभे. मी त्यांना नमस्कार केला खरा, पण मनात काहीतरी टोचलं. तो प्रवासातला पहिला हेवा. नंतरचे मोजायचे मी सोडून दिले.

त्यांचं घर बसवनगुडीत, मंगलोरी कौलांचं. पुढे जाईचा वेल, मागे दोन नारळ, एक पपई, कढीपत्त्याचं मोठं झाड आणि नळाच्या सांडपाण्यावर पोसलेली अळूची दाटी. नलूवहिनी स्वयंपाक करता करता उठायच्या आणि परसातून ओली मिरची तोडून आणायच्या. पंख्याला या घरात जागाच नव्हती. “लागतच नाही हो,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते सहज म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं. ज्यांना सगळं मिळालेलं असतं त्यांना ते मिळालेलं आहे हे ठाऊकच नसतं. वसंतराव तर मे महिन्यात “यंदा फार उकडतंय” म्हणून तक्रार करायचे आणि झोपताना रग ओढून घ्यायचे.

सुमतीला मी मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसवलं. पायांवर शाल, शेजारी स्टुलावर टॉनिकची बाटली, चमचा, तापमापी. सोलापूरची सगळी व्यवस्था मी इथे उभी केली. दोन-तीन दिवस ती तशीच बसून राहिली. फरक एवढाच, की समोर भिंतीऐवजी पपईचं झाड होतं.

मग गंगक्का आली.

गंगक्का म्हणजे शेजारच्या घरातली बाई. साठीच्या पुढची, विधवा, ठेंगणी, पायांत पुरुषी चपला. तिच्या यजमानांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं, आता मुलं चालवतात. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. तिच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली, की पहिल्या दिवशी मला अर्धंच कळलं. कुंपणाच्या फटीतून ती आली, सुमतीसमोर उभी राहिली आणि मला विचारलं, “हिला काय झालंय अण्णा?”

“विषमज्वर झाला होता,” मी म्हटलं.

“केव्हा?”

“दिवाळीत.”

“अय्यो! आता आंबे आले की! अजून शाल कशाला?” तिनं सुमतीच्या पायांवरची शाल उचलून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “पोरी, उद्या सकाळी मी येते. लालबागेला जायचं.”

“डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे,” मी म्हटलं.

“तुमचे डॉक्टर कुठे असतात?”

“सोलापूरला.”

“सरी, बरं. मग इथे मी आहे.”

मी सुमतीकडे पाहिलं. नको म्हणेल असं मला वाटलं होतं. सोलापुरात देवळापर्यंत चल म्हटलं तरी ती मान हलवायची. आता मात्र ती गंगक्काच्या चपलांकडे पाहत होती आणि ओठ किंचित हलले होते. हसू म्हणता येणार नाही त्याला. पण कितीतरी महिन्यांत तेवढंही मी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे आलं नव्हतं.

लालबाग

सकाळी मीही चपला घालून तयार झालो, तर गंगक्का म्हणाली, “तुम्ही नको अण्णा. आम्ही बायका बायका. तुम्ही आलात की ही तुमच्याकडे बघत बसेल, पाय उचलणार नाही.”

असं कोणी माझ्या तोंडावर आजवर बोललं नव्हतं. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसलो, एक ओळ वाचली आणि उठून त्यांच्या मागे निघालो.

लालबाग तिथून जवळ आहे. फाटकातून आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागे राहतो आणि डोक्यावर झाडं मिटतात. बाग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर झेंडूचे वाफे आणि पाण्याची टाकी येते. इथे एकेका झाडाखाली आमच्या शाळेचा वर्ग भरला असता. एक पांढऱ्या सावरीचं झाड आहे. त्याच्या मुळांच्या जमिनीतून वर आलेल्या भिंती माणसाच्या कमरेपेक्षा उंच. त्या दिवशी सुमती फाटकापासून जवळच्याच एका चिंचेपर्यंत पोचली आणि खाली बसली. मी लांबून बघत होतो. धावत जावंसं वाटलं. गंगक्का मात्र तिच्याशेजारी बसून बटव्यातून सुपारी काढत राहिली. थोड्या वेळानं दोघी उठल्या आणि परत फिरल्या. इतकंच.

गंगक्काची रीत साधी होती. काल ज्या झाडापर्यंत गेलो, आज त्याच्या पुढच्या झाडापर्यंत जायचं. दमलं की बसायचं, बसल्यावर आजाराविषयी बोलायचं नाही. सुमतीनं मला हे घरी आल्यावर सांगितलं. “मग बोलता कशाविषयी?” मी विचारलं. “काही नाही. पानं बघतो,” ती म्हणाली.

पानं! मी तिला गोष्टी वाचून दाखवल्या होत्या, ग्रामोफोन उसना आणला होता.

एकदा ती ओल्या पावलांनी परत आली. दवातल्या गवतावर दोघी अनवाणी चालल्या होत्या. मी टॉवेल घेऊन धावलो, वहिनींना पाणी गरम करायला सांगितलं. सुमती म्हणाली, “अहो, किती बरं वाटलं! पायांना मुंग्या आल्या, आणि मग गरम गरम वाटलं.” त्या दिवशी जेवताना तिनं बिसीबेळे अन्न दुसऱ्यांदा मागून घेतलं. डाळ, भात, भाज्या आणि मसाला एकत्र शिजवलेला हा इकडचा खिचडीचा थोरला भाऊ. वर तूप आणि तळलेले शेंगदाणे. वहिनींनी तिच्या पानात वाढलं तसे वसंतरावांचे डोळे भरून आले. माझेही आले असते. पण सहा महिने एकेका घासासाठी मी जिच्या विनवण्या केल्या, तिनं वहिनींसमोर आपण होऊन पान पुढे करावं, हे मला पचेना.

मग झोप आली. मग चेहऱ्यावर रंग आला. पहाटे ती माझ्याआधी उठून वेणी घालू लागली, वेणी म्हणजे टाळूवरच्या तोकड्या केसांची बोटभर गाठ. मी बरं वाटून घ्यायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण दर संध्याकाळी मी एकटाच लालबागेत जाऊन त्या झाडांखाली उभा राहायचो आणि त्यांच्याकडे संशयानं पाहायचो. यांनी असं काय दिलं तिला, जे मला देता आलं नाही? सावली मी दिली होती. शांतता दिली होती. झाडं काही बोलत नाहीत, तापमापी लावत नाहीत, एक घास घे म्हणत नाहीत. नुसती उभी असतात.

अधूनमधून सकाळीही मी त्यांच्या मागे जायचो; ती चोरी एकदा उघडकीस आली. लालबागेत एक प्रचंड उघडा खडक आहे, वर जुना बुरूजवजा मंडप. हा खडक पृथ्वीवरच्या फार पुरातन खडकांपैकी, हे मी मुलांना शिकवतो. त्या दिवशी गंगक्का त्यावर चढू लागली आणि तिच्यामागून सुमती! मी झाडाआडून बाहेर आलो आणि मागोमाग चढलो. अर्ध्यावर माझा दम संपला, चपलेचा अंगठा तुटला, आणि चप्पल घसरत खाली गेली. तिच्यामागून मी एका पायावर उड्या मारत उतरत असताना वरून दोघींचं हसू ऐकू आलं.

“अण्णा!” गंगक्का वरून ओरडली. “चोरासारखं झाडामागे कशाला लपता? या वर. स्वल्प हळू या!”

मी वर बघितलं. मंडपाशेजारी सुमती उभी होती, कमरेवर हात ठेवून, पदर वाऱ्यावर. तीही हसत होती. भूगोलाचा मास्तर मी, खडकाचं वय मला ठाऊक. आणि माथ्यावर ती.

चिकपेट

वसंतराव मला एकदा चिकपेटेत घेऊन गेले. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कापडाची आणि लोखंडी सामानाची दुकानं, हमालांच्या डोक्यांवर गठ्ठे, जटक्यांच्या, म्हणजे इकडच्या टांग्यांच्या, घंटा. झाड औषधालाही नाही. बंगलोरात आल्यापासून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

एका दुकानात ओळखीची वस्तू दिसली: सोलापुरी चादर. दुकानदार एका गिऱ्हाइकाला घडी उलगडून दाखवत होता. मी अभिमानानं सांगितलं, “ही आमच्या गावची.” दुकानदार खुश झाला. “फार खपतात सार,” तो हिंदीत म्हणाला, “इथे बारा महिने पांघरूण लागतं ना.” माझा अभिमान तिथेच विरला. आम्ही गिरणीच्या उकाड्यात चादरी विणायच्या, आणि त्या पांघरायला थंडी मात्र यांच्याकडे.

बाहेर पडलो तेव्हा डोकं दुखायला लागलं होतं. कपाळाच्या उजव्या बाजूनं निघून डोळ्यामागे जाणारी ती कळ माझ्या जुन्या ओळखीची. सोलापुरात रोज चौथ्या तासाला येते. मी तिला नोकरीचाच भाग समजतो. वसंतरावांना तसं सांगायला गेलो आणि थबकलो. बंगलोरात आल्यापासून ती आली नव्हती. एकदाही नाही. ती गेली आहे हे मला ती परत आल्यावर कळलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. त्या झाडांनी न विचारता माझ्यावरही उपकार करून ठेवले होते, आणि मला ते कबूल करायचं नव्हतं.

हेब्बाळ

एका रविवारी सगळे हेब्बाळच्या तळ्यावर गेलो. बसनं शहराबाहेर, मग पायी. नांगरून पेरणीसाठी तयार ठेवलेली नाचणीची रानं, लाल माती, मध्येच चिंचेची रांग आणि पुढे एकदम पाणी. काठाला म्हशी डुंबत होत्या, त्यांच्या पाठींवर बगळे. डबे उघडले. वहिनींचा दहीभात आणि आंब्याचं लोणचं, गंगक्काचे नाचणीचे उंडे आणि पालेभाजीचं सार. उंडा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. मी चावला आणि तो टाळूला चिकटून बसला. सुमतीनं मात्र सराईतासारखा गिळला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला ते केव्हा शिकवलं कोण जाणे.

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि गारांचा पाऊस कोसळला. आडोसा लांब होता. मी माझा कोट काढून सुमतीच्या डोक्यावर धरला, पण ती कोटाखालून निसटली आणि गंगक्काच्या बरोबर गारा वेचायला लागली. “सुमती, ताप येईल!” मी ओरडत होतो. पाऊस थांबला तेव्हा दोघींच्या ओंजळीत गारा होत्या आणि दोघी चिंब. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सोलापूरची ती दिवाळी पुन्हा सुरू झाली होती: तो ताप, ती बडबड, डॉक्टरांची पावलं.

दुसऱ्या दिवशी ताप आला. मला.

सुमती तेव्हा लालबागेतून नुकतीच परतली होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, पेटीतून तापमापी काढली, झटकली आणि माझ्या तोंडात घातली. मग खिडकी उघडली. मी खुणेनं नको म्हटलं. तिनं दुसरीही उघडली. पाच-सहा दिवस मी पडून होतो. ती मला पेज द्यायची, पण फार वेळ बसायची नाही. “मी जाऊन येते हं,” म्हणायची आणि फाटक वाजायचं. पडल्या पडल्या मी तिची पावलं दूर जाताना ऐकायचो. जी भिंतीकडे तोंड करून पडायची ती आता हिंडत होती, आणि मी भिंतीकडे तोंड केलं होतं. माझी पत्नी बरी झाली याचा मला हेवा वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

कोरमंगला

सुट्टी संपत आली. निघण्याच्या दोन दिवस आधी गंगक्कानं आम्हा दोघांना कोरमंगल्याला नेलं. गावाचं नाव मोठं, गाव लहान. मोठं तळं, बांधावर ताडाची झाडं, खाली भाताची खाचरं आणि भाजीचे मळे. त्यातला एक मळा गंगक्काच्या दिराचा. मला चालवेना म्हणून जटका केला होता. त्या घोड्याच्या पाठीमागे वाकून बसलेला मी, आणि जटक्यात जागा कमी म्हणून बराचसा रस्ता उतरून चालणारी सुमती.

गंगक्का पालेभाजी खुडायला मळ्यात उतरली. आम्ही दोघं बांधावर बसलो. सुमती गवताची काडी मोडत होती.

“मी अजून थोडे दिवस राहू का?” ती म्हणाली. “पावसाळ्याचे दोन महिने. दादा-वहिनींना मी विचारलंय.”

“त्यांना आधी विचारलंस?”

“तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.”

“मग नाहीच म्हणतो. तू बरी झालीस. घर आहे आपलं. तिथे मी काय एकट्यानं...” पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. “सहा महिने मी तुझं केलं! रात्रीचा दिवस केला. आणि चार झाडं बघून तुला वाटायला लागलं की...”

“तुम्ही केलंत म्हणून मी जगले,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “ते मी कधी विसरणार नाही. पण सोलापुरात सगळे मला आजारी म्हणूनच बघतात. तुम्हीसुद्धा. तुम्ही दारातून आत आलात की आधी माझ्या डोळ्यांखाली बघता. मग मलाही वाटतं, अजून आहे काहीतरी. लालबागेत मला कोणी बघत नाही. तिथे मीच बघते.”

मी उठलो आणि बांधावरून चालायला लागलो. रागात माणूस भराभर चालतो; तापातून उठलेला असला तरी. पाण्यावर वारा होता. एक खंड्या ताडावरून सुटला, पाण्यात पडला आणि काहीतरी घेऊन वर आला. मी उगाच त्याच्याकडे बघत उभा राहिलो. तो पुन्हा येऊन त्याच जागी बसला. पुन्हा सुटला. त्याची शिकार हुकली की मला वाईट वाटू लागलं. किती वेळ गेला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा सुमतीला द्यायची उत्तरं मनात शोधू लागलो आणि ती सगळी गेलेली होती. छाती मोकळी होती. राग कुठे गेला म्हणून मी खरोखरच आठवून पाहिलं.

परत आलो तर सुमती मळ्यात उतरली होती. गुडघ्यांपर्यंत साडी खोचून, वाकून राजगिरा खुडत होती. गंगक्का काहीतरी कानडीत म्हणाली आणि सुमती हसली. पोटातून, खळखळून. हे हसू आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. मला वाटलं होतं ते केसांबरोबरच गेलं.

मी बांधावरून म्हटलं, “राहा.”

तिनं मान वर केली. “काय म्हणालात?”

“पावसाळ्याचे दोन महिने राहा. मी श्रावणात न्यायला येईन.”

गंगक्कानं ओटीतली भाजी माझ्या उपरण्यात ओतली आणि म्हणाली, “सरी अण्णा. आता ही निवडायला लागा.”

परतीचा प्रवास आणि पुन्हा एकदा

एकट्यानं केलेल्या परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. गुंतकलला गाडी बदलली तेव्हा गरम वारा तोंडावर आला आणि मी घरी आल्याचं कळलं. शाळा सुरू झाली, चौथ्या तासाची कळ सुरू झाली. मी सकाळी आमच्या सोलापूरच्या कंबर तलावाकडे जाऊन पाहिलं. तलाव बंगलोरच्या तळ्यांपुढे अगदीच केविलवाणा, बाभळी तेवढ्या बऱ्या. तरी जात राहिलो. ज्या दिवशी जायचो त्या दिवशी डोकं जरा उशिरा दुखायचं. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. मी डॉक्टर नव्हे, आणि बाभळीचं श्रेय बाभळीला देताना अजूनही माझा हात आखडतो.

श्रावणात रजा घेऊन मी पुन्हा बंगलोरला उतरलो. गाडी वेळेआधी आली होती, त्यामुळे स्टेशनवर कोणी नव्हतं. बसवनगुडीला पोचलो तर वहिनी एकट्याच. “सुमतीताई लालबागेत गेल्यात,” त्या म्हणाल्या. “हल्ली एकट्याच जातात. गंगक्काचा गुडघा धरलाय. तुम्ही बसा, कॉफी टाकते.”

एकटीच! मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

बारीक पाऊस पडत होता, पाऊस नव्हेच, हवेत तरंगणारं पाणी. झाडांचे बुंधे काळे झाले होते. फाटकातून आत जाऊन मी बाकं शोधत निघालो. दमून बसली असेल, ओल्या बाकावर बसली नसली म्हणजे मिळवली, असं मनाशी म्हणत. या बाकावर एक म्हातारा, त्या बाकावर कोणी नाही. सावरीच्या मुळांशीही डोकावलो. नव्हती.

पुढे वळणावर एक बाई चालली होती. छत्रीखाली डोकं दिसत नव्हतं. हिरवी साडी, भरलेला दंड, आणि चाल अशी की पाय जमिनीला ओळखत असावेत. झपाझप, पण घाई नाही. ओल्या पाचोळ्यावरून ती जराही न अडखळता जात होती. मी थांबून पाहत राहिलो. परस्त्रीकडे असं बघू नये हे कळत होतं. पण माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मनात होता तो आपला नेहमीचा हेवा. ही कोणाच्या तरी घरची असेल. तो माणूस या वेळी आरामात कॉफी पीत असेल आणि त्याला ठाऊकही नसेल की आपल्या घरात काय आहे. आमची सुमती अशी कधी चालणार? या जन्मी तरी?

ती एका झाडाखाली थांबली. फांदीकडे बघायला तिनं छत्री मागे कलती केली.

केस मानेपर्यंत आले होते.

तिनं मला पाहिलं. “अहो! गाडी लवकर आली का?”

मी मान हलवली.

“असे काय बघताय? नवीन माणूस बघितल्यासारखे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “चल, घरी जाऊ. वहिनी कॉफीला थांबल्यात.”

“थांबू देत थोडं,” सुमती म्हणाली. “माझी अजून एक फेरी राहिलीय.”

आणि ती निघाली. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या शेजारून चालू लागलो. पहिल्या वळणाशी मला धाप लागली होती.